शॅम्पेनच्या गावाला गेलो चौघं

शॅम्पेनचा प्रदेश ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी प्रदेशाबद्दल लिहिते. माणसांबद्दल पुढे लिहावंच लागणार आहे.

फ्रान्सच्या कॅले बंदराहून दक्षिणेला गाडीनं चार-साडेचार तास गेलं की गव्हाची सपाट शेतं संपतात आणि जमीन हळूहळू वरखाली होऊ लागते. डोंगर म्हणावेत असं काही नाही. पुण्याच्या माणसाला त्यांना टेकड्या म्हणतानाही हसू येईल. पण प्रत्येक उतारावर द्राक्षांच्या ओळी विंचरून काढल्यासारख्या सरळ वर गेलेल्या असतात. नाशिककडे वेली डोक्यावर मांडवासारख्या चढवतात आणि माणूस खाली सावलीत उभा राहू शकतो. इथे त्या कमरेएवढ्याच ठेवतात, म्हणून काम करणारी माणसं लांबूनही दिसतात. माती पांढरट, खडूची. बुटांना लागली की झटकून जात नाही. दोन उतारांच्या मधल्या खोलगटात गाव असतं: एक चर्च, एक बेकरी, आणि दर दोन-तीन घरं सोडून फाटकावर त्या कुटुंबाच्या शॅम्पेनची पाटी.

वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, असं एखादं गाव दोन दिवस आपली सगळी फाटकं उघडतं. पाहुण्यांनी गळ्यात अडकवायच्या दोरीसकट एक उंच निमुळता ग्लास घ्यायचा आणि अंगणा-अंगणातून चाखत फिरायचं. आम्ही गेलो होतो ते अशाच एका उत्सवाला. गावाचं नाव लिहीत नाही. गावाचा काही दोष नव्हता.

बेत शिरीषचा. शिरीष आणि अदिती आमचे मेडनहेडमधले सगळ्यात जुने मित्र. आम्ही प्रशांतच्या वर्क व्हिसावर इंग्लंडला आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात उशा, पातेली आणि हीटर त्यांच्याच घरातून आले. शिरीष लंडनला फायनान्समध्ये आहे. अलीकडे त्यानं वाइनचा एक कोर्स केला होता आणि तेव्हापासून त्याच्याकडे जेवायला गेलं की आमटीच्या आधी भाषण असायचं. अदिती रेडिंगला एका बँकेत. माझी मैत्रीण म्हणून कुणाचं नाव सांगायचं झालं तर मी तिचं सांगत असे.

प्रशांत माझा नवरा. नागपूरचा, बोलका, पार्टीत जुनी गाणी म्हणणारा, सगळ्यांना हवासा. तो प्यायचा. सगळे पितात तसाच प्यायचा असं सगळ्यांना वाटे, कारण पार्टी संपल्यावर तो थांबत नाही हे फक्त मला दिसत होतं. मग एका हिवाळ्यात संध्याकाळी तो मेडनहेड स्टेशनच्या कार पार्कमध्ये स्वतःच्या गाडीत सापडला, इंजिन चालू, मान स्टिअरिंगवर. सापडला अदितीला, ऑफिसातून परतताना. तिनं त्याला आपल्या गाडीत घालून घरी आणलं. आम्ही दोघींनी मिळून त्याला जिन्यावरून वर चढवलं. दुसऱ्या दिवशी प्रशांतनं तिला फोन केला, मी शेजारीच बसले होते. तो एवढंच म्हणाला, "कुणाला सांगू नकोस." ती म्हणाली, "वेडा आहेस का? शिरीषलासुद्धा कळणार नाही."

त्या दिवसापासून त्यानं सोडली. गुरुवारी तो एका चर्चच्या हॉलमध्ये, दारू सोडलेल्या लोकांच्या बैठकीला जायचा. मित्रांपैकी हे फक्त अदितीला माहीत होतं, बाकीच्यांना आम्ही बॅडमिंटन सांगितलं होतं. पार्ट्यांना जाणं कमी झालं, गेलोच तर गाडी तो चालवायचा, आणि या देशात गाडी चालवणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही.

मग शॅम्पेनच्या गावाला गेलाच कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. दोनदा तर सरळ नाही म्हटलं.

"मेघा, असं किती वर्षं लोकांना टाळायचं?" प्रशांत म्हणाला. "मी ड्रायव्हर. तुम्ही प्या, मी द्राक्षं बघतो."

खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. आमच्याकडे कुणी येईनासं झालं होतं, आणि शनिवारची संध्याकाळ टीव्हीसमोर काढून मला कंटाळा आला होता. आमची मुलगी इरा, वय चौदा, तिला तिच्या मैत्रिणीकडे सोडलं आणि निघालो.

शुक्रवार

गाडी आमची, कारण आमची मोठी. डोव्हरला आमच्या भारतीय पासपोर्टवरचा व्हिसा फ्रेंच अधिकाऱ्यानं पानं उलटून पालटून पाहिला. शिरीष आणि अदितीचे ब्रिटिश पासपोर्ट, त्यांना शिक्का मारून लगेच सोडलं. पलीकडे उभा राहून शिरीष घड्याळाकडे बोट दाखवत होता. ही त्याची जुनी सवय, मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

फ्रान्समध्ये गाडीत त्याचा वर्ग सुरू झाला. शॅम्पेन पांढरी दिसत असली तरी तिच्यातली बरीचशी द्राक्षं काळी असतात, रस तेवढा पांढरा. बुडबुडे बाटलीतच धरतात. बाटल्या तळघरात वर्षानुवर्षं आडव्या ठेवतात. हे सगळं ऐकायला मला आवडत होतं, हे कबूल करते. मधेच तो पुढच्या सीटच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "प्रशांत, लेका, उद्या तुला खरी चीज दाखवतो. आपण आजवर जे प्यायलो ते सगळं गटारात टाकायच्या लायकीचं होतं." प्रशांत हसला. अदिती खिडकीबाहेर बघत होती.

आमचा मुक्काम एका द्राक्षवाल्यांच्या जुन्या शेतघरात, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, आखूड पांढरे केस, पायात रबरी बूट. तरुणपणी केंटमध्ये एका कुटुंबाची मुलं सांभाळायला राहिल्या होत्या, तेवढं इंग्रजी त्यांच्याकडे शिल्लक होतं. आम्ही त्यांना मादाम म्हणत होतो. सामान वर जायच्या आधीच त्यांनी अंगणातल्या टेबलावर स्वागताचे ग्लास मांडले. सोबत चीज घालून भाजलेले पोकळ, मऊ गोळे, आपल्या लाडवाएवढे. तोंडात टाकले की नाहीसे होणारे. मी किती खाल्ले ते सांगत नाही.

प्रशांत म्हणाला, "मी नको, मी ड्राइव्ह करतोय."

गाडी लावून झालेली, किल्ली टेबलावर, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कुठे जायचं नव्हतं. शिरीष मोबाइलवर लेबलाचा फोटो काढत होता. मादामनी प्रशांतकडे पाहिलं, क्षणभर, आणि आत गेल्या. एक साधी बाटली घेऊन आल्या. नातवंडांसाठी त्या आपल्याच मळ्यातल्या द्राक्षांचा रस काढून ठेवत. तो त्यांनी त्याच तसल्या उंच ग्लासात ओतला, त्याच टेबलावर, बाकीच्यांच्या ओळीत ठेवला. रंग जवळजवळ तोच. प्रशांतनं ग्लास उचलला आणि सगळ्यांबरोबर टेकवला. मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले.

शनिवार

सकाळी चर्चच्या पायऱ्यांपाशी गावाचा बँड वाजायला लागला. पुढे वाइनवाल्यांच्या मंडळाची वयस्क माणसं, अंगात पायघोळ हिरवे झगे, डोक्यावर पसरट टोप्या. उन्हात घामाघूम झालेली, पण चेहरे गंभीर. आपल्याकडे जत्रेच्या मानकऱ्यांचे असतात तसे. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा गावचा बेकर होता, हे मी ओळखलं, कारण सकाळी त्यानंच मला पाव दिला होता आणि हाताला अजून पीठ होतं.

मग फाटकं उघडली. एकेका अंगणात शंभरेक माणसं, गवताच्या गठ्ठ्यांवर बसलेली, मुलं पिंपांवरून उड्या मारतायत, आजोबा बाटल्यांच्या बुचांवरच्या तारा सोडवतायत. घरातल्या सुनेनं टेबल लावलेलं, सासू आत ग्लास विसळतेय. ओळखीपाळखीशिवाय कुणाच्याही अंगणात जाऊन उभं राहायचं आणि त्यांनी ओतायचं. मेडनहेडला शेजारच्या घराचं अंगण मी इतक्या वर्षांत खिडकीतूनच पाहिलं आहे. तळघरात गेलं की मात्र एकदम थंडी. भिंतींना ओल, बाटल्यांवर धूळ, बोललेलं लांबून परत ऐकू येतं. प्रत्येक टेबलापाशी थुंकायला बादली ठेवलेली असते, आणि जी माणसं ही दारू करतात ती बहुतेक तोंडात घोळवून थुंकत होती. पीत होतो ते आम्ही पाहुणे.

दुपारी शिरीषनं या भागाची खासियत म्हणून आतड्यांचं सॉसेज मागवलं. वेटरनं दोनदा विचारलं, खात्री आहे ना? ताट आलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचं लहान पोर नाक धरून हसायला लागलं. शिरीषनं पहिला घास घेतला, "ऑथेंटिक" म्हणाला, आणि उरलेलं हळूच सॅलडच्या पानाखाली सरकवलं. अदिती शाकाहारी, तिनं ताट बघून खुर्ची मागे घेतली. आम्ही चौघं पोट धरून हसलो. बऱ्याच दिवसांनी प्रशांत असा हसत होता. मी त्या दुपारी सुखात होते, हेही लिहून ठेवते.

संध्याकाळपर्यंत ड्रायव्हरचं कारण टिकलं. गावात फिरायला गाडी लागत नव्हती हे कुणी बोललं नाही. प्रशांत प्रत्येक अंगणात वेलींबद्दल काहीतरी विचारायचा, छाटणी कधी, गारपीट झाली तर काय करता. त्याच्या गळ्यातला ग्लास कोरडा होता. मी एक-दोन घोट घेतले आणि मग मलाही नको वाटलं.

संध्याकाळी चर्चसमोरच्या चौकात गावजेवण. लांबच लांब लाकडी टेबलं, कागदी चादरी, मध्ये मसूर, बटाटे, मऊ चीज, आणि दर हातभर अंतरावर एक उघडी बाटली. ऊन अजून होतं. गल्लीच्या टोकाला मळे पिवळे दिसत होते. मादाम आमच्या मागच्या टेबलावर होत्या. त्यांनी आठवणीनं रसाची बाटली आणली होती आणि प्रशांतचा ग्लास भरून ठेवला होता.

शिरीष तोवर बराच रंगला होता. टोस्ट करायला उभा राहिला, प्रत्येकाच्या ग्लासाला ग्लास लावत आला, आणि प्रशांतपाशी थांबला. खाली वाकून त्यानं वास घेतला.

"अरे! हा तर ज्यूस पितोय!" तो सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला. "शॅम्पेनमध्ये येऊन द्राक्षाचा रस. लहान बाळ!"

शेजारची फ्रेंच माणसं न कळता हसली. शिरीषनं प्रशांतचा ग्लास उचलून रस गवतात ओतून दिला आणि बाटलीतून भरला. फेस काठावरून प्रशांतच्या हातावर आला.

"नको, शिरीष. उद्या मला गाडी चालवायचीय."

"उद्या मी चालवतो. झालं? आता काय कारण?"

"नको म्हटलं ना."

मी म्हणाले, "शिरीष, सोड ना. नकोय त्याला."

तेव्हा त्यानं प्रशांतच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. प्रेमानं बोलत होता, हे सगळ्यात वाईट. "बघ, मला माहितीये सगळं. अदितीनं केव्हाच सांगितलं. स्टेशनचं, चर्चचं, सगळं. म्हणून तर तुला इथे आणलं. तुझा प्रॉब्लेम दारू नाहीये रे, तुझा प्रॉब्लेम घटाघटा पिणं आहे. ही अशी प्यायची असते, एकेक घोट, चव घेत. माणसासारखी. एकदा शिकलास की भीती जाईल. जन्मभर ज्यूस पिणार आहेस का?"

प्रशांतनं अदितीकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती पावाचा तुकडा हातात चुरत होती. नजर वर केली नाही तिनं.

"केव्हा सांगितलंस?" प्रशांतनं विचारलं.

"त्याच दिवशी," तिच्याऐवजी शिरीष म्हणाला. "नवरा-बायकोत काय लपवायचं?"

म्हणजे इतका काळ आम्ही त्यांच्या घरी गेलो, गुरुवारच्या बॅडमिंटनच्या गप्पा केल्या, कोण जिंकलं ते सांगितलं, आणि समोरचे दोघं माना डोलावत ऐकत होते.

प्रशांतनं ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. खाली ठेवला. "भर," तो म्हणाला.

शिरीष खूश झाला. "हळू रे, हळू. तेच तर सांगतोय."

"भर ना. शिकवतोयस ना मला?"

दुसरा ग्लास तसाच. तिसऱ्याला त्यानं बाटली स्वतःकडे ओढून घेतली. अदिती घाबरून म्हणाली, "प्रशांत, राग नको ना काढूस असा." शिरीषचं हसू ओसरलं. त्या दोघांना वाटलं तो रागानं पितोय, त्यांना धडा शिकवायला. मलाही पहिल्या ग्लासाला तसंच वाटलं होतं. पण मी त्याच्यासमोर बसले होते, आणि त्याचा चेहरा मला पाठ आहे. दुसऱ्या ग्लासानंतर त्याचे खांदे सैल झाले, कपाळावरच्या आठ्या सुटल्या, डोळे शांत झाले. दिवसभर उन्हातून चालून आलेला माणूस घरी टेकतो तसे. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुटल्याचं समाधान होतं.

मी बाटलीवर हात ठेवला. त्यानं माझा हात हळुवार बाजूला केला, इतक्या हळुवार, की मला रडू आलं.

नंतर तो गायला लागला. टेबलं वाजायला लागली, फ्रेंच लोक टाळ्या देत होते, कुणीतरी त्याला हिरवी टोपी घातली. मग त्यानं एका अनोळखी बाईच्या ताटात हात घातला, मग बाक उलटवला, मग पडला. टाळ्या थांबल्या. त्याला उचलायला आले बेकर आणि मादामचा मुलगा. शिरीष उभा राहून फक्त "ओके, ओके, इनफ" म्हणत होता.

रविवार

सकाळी मी खाली आले तेव्हा मादाम अंगणात पाइप लावून फरशी धूत होत्या. काय धूत होत्या ते मला माहीत होतं. मी पाइप घ्यायला गेले, तर त्यांनी दिला नाही. "कॉफी," एवढंच म्हणाल्या आणि मानेनं स्वयंपाकघर दाखवलं.

आत अदिती बसली होती. डोळे सुजलेले. मी समोर बसले.

"तू त्याला शब्द दिला होतास," मी म्हणाले.

"शिरीष माझा नवरा आहे, मेघा. मला एकटीला ते पेलवेना. गाडीत त्याला तसं बघितलं ना, मला वाटलं गेला."

"ठीक आहे, सांगितलंस. पण मग शिरीष त्याला इथे आणतोय, कशासाठी आणतोय, हे तुला माहीत होतं. मला एक फोन करायचास."

तिनं कप बाजूला सारला. मग जे बोलली ते मी शब्दाला शब्द लिहितेय, कारण ते मला रोज ऐकू येतं.

"खरं सांगू? तुम्ही दोघं पूर्वीसारखे राहिला नव्हतात. यायचात, बसायचात, दहाला उठून जायचात. प्रशांत तर कुणी वेगळाच झाला होता. आम्हाला तो जुना प्रशांत मिस होत होता गं. तो आला की घर कसं भरून जायचं. शिरीष म्हणाला, थोडी थोडी घेतली तर तो परत येईल. मला वाटलं, काय हरकत आहे."

पिऊन माझ्या घरातल्या जिन्यावर कोसळणारा माणूस त्यांना परत हवा होता, कारण तो त्यांच्या हॉलमध्ये गाणी म्हणायचा. मी कॉफी तशीच ठेवून उठले.

बाहेर शिरीष डिकी उघडून उभा होता. त्यानं आदल्या दिवशी बरेच बॉक्स घेतले होते, ते रचून झाले होते आणि दोन उरले होते. प्रशांत मागच्या सीटवर डोळे मिटून बसला होता, चेहरा राखेसारखा.

"मेघना, तू तरी आधी सांगायचंस की हा इतका आउट ऑफ कंट्रोल आहे," शिरीष म्हणाला. "गावासमोर शोभा झाली. बरं ते जाऊ दे. मी पुढे बसतो, मला रस्ता माहितीये, चालवायला तूच बस, माझं डोकं जड आहे. आणि हे दोन बॉक्स याच्या पायाशी बसतील."

"कुणाच्या?"

"प्रशांतच्या. पाय वर घेऊन बसेल तो."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही इतका साधा निघाला. "डिकीतले पण उतरव."

"म्हणजे?"

"सगळे उतरव. आणि तुमच्या बॅगा."

त्याला वाटलं मी जागा बदलायला सांगतेय. त्यानं उतरवले नाहीत, म्हणून मीच उतरवायला लागले. बॉक्स जड होते. एकेक करून फाटकाशी ओळीनं ठेवले, वर त्यांच्या दोन बॅगा. अदिती दारात आली. "मेघा, अगं रविवार आहे, इथून बससुद्धा नाही!" शिरीष ओरडला, "यू कान्ट बी सीरियस! दोन देश ओलांडून घरी जायचंय!" मादाम पाइप बंद करून बघत होत्या. मी त्यांच्यापाशी गेले आणि विचारलं, यांना स्टेशनवर कुणी सोडेल का. त्या म्हणाल्या, दुपारी मी सोडीन. मग त्यांनी माझ्या गालाला गाल लावला, एकदा या बाजूला, एकदा त्या.

मेडनहेडमध्ये आता ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: मेघनानं आपल्या मित्रांना परक्या देशात रस्त्यावर टाकलं. ते त्याच दिवशी ट्रेननं पॅरिसमार्गे घरी पोचले आणि बॉक्स पुढच्या आठवड्यात कुरिअरनं आले, हे कुणी सांगत नाही.

मी उजव्या बाजूनं कधी गाडी चालवली नव्हती. आमच्या इंग्लंडच्या गाडीत चालक उजवीकडे, म्हणजे फ्रान्समध्ये कडेच्या गवताला चिकटून बसल्यासारखं वाटतं आणि समोरून येणारं दिसत नाही. पहिल्या गोल चौकात मी उलटी शिरले. ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला तो मी बाहेर पडेपर्यंत सोडला नाही. टोलची खिडकी डावीकडे येते, त्यामुळे कार्ड पुढे करायला प्रशांतला पुढच्या सीटवर यावंच लागलं. कार्ड त्याच्या हातून दोनदा खाली पडलं. मागे गाड्या थांबल्या. तो "सॉरी, सॉरी" म्हणत होता, मला की मशीनला, कळलं नाही.

कॅलेला गाडी फेरीबोटीत चढवली. फेरीवर मी डेकवर जाऊन उभी राहिले. तो शेजारी आला.

"शिरीषनं केलं असं तू म्हणू नकोस," तो म्हणाला. "म्हणजे केलंच त्यानं. पण मला तो ग्लास हवा होता, मेघा. शुक्रवारी त्या बाईंनी रस दिला ना, तेव्हा मी मनात म्हणालो, रंग सेम आहे, चुकून दुसरा उचलला गेला तर कुणाला कळणार नाही. दोन दिवस मी कुणीतरी चूक करायची वाट बघत होतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू किती हसत होतीस."

 थोड्या वेळानं तो टॉयलेटला जाऊन येतो म्हणाला. आला तेव्हा डोव्हरचे पांढरे कडे अगदी जवळ दिसत होते आणि त्याच्या तोंडात पेपरमिंट होतं. मी विचारलं नाही. मला अजून घरापर्यंत गाडी चालवायची होती.

इरा आमच्या आधी घरी आली होती. गाडीचा आवाज ऐकून धावत बाहेर आली, बाबाच्या गळ्यात पडली, आणि तशीच थांबली. नाक त्याच्या खांद्याशी. मग दोन पावलं मागे सरकली.

"बाबा, तू परत प्यायली?"

ती इथेच जन्मलेली. मराठीत मुलगा-मुलगी तिचं नेहमी चुकतं, आणि प्रशांत नेहमी तिला थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावतो. त्या दिवशी त्यानं थांबवलं नाही.

"हो," तो म्हणाला.

ती आत निघून गेली. आम्ही बॅगा उतरवल्या.

याला आता काही महिने झाले. प्रशांत पुन्हा गुरुवारी जातो, आणि आता बॅडमिंटन म्हणत नाही, कारण सांगायलाच कुणी उरलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा नवा व्हॉट्सॅप ग्रुप झाला, त्यात आम्ही नाही. अदितीचे दोन मेसेज आले, मी वाचले. मधे एकदा तो पुन्हा घसरला, पुन्हा उभा राहिला. पुढचं मला माहीत नाही.

इरा पूर्वी बाबा ऑफिसातून आला तरी हेडफोन काढत नसे, जेवायला बसल्यावरच काय ते बोलणं. आता दाराची किल्ली वाजली की ती खाली येते आणि दारातच त्याला घट्ट मिठी मारते. बघणाऱ्याला वाटावं, किती माया आहे पोरीची. प्रशांतही हातातली बॅग खाली न ठेवता तसाच उभा राहतो, तिचं होईपर्यंत.